कार्डिफचा ब्यूट पार्क: आईबाबांना घेऊन एक दिवस जाण्यासारखा आहे का?

ब्रिस्टलचा_सांगलीकर:
नमस्कार मंडळी, आईबाबा दोन महिन्यांसाठी आलेत. लंडन दाखवून झालं पण बाबा वैतागले, म्हणाले सगळीकडं रांगा आणि जिने, एका जागी निवांत बसायला कुठं मिळालंच नाही. त्यांचा गुडघा दुखतो, सपाटीला किलोमीटर-दीड किलोमीटर चालतात, पण मधेमधे टेकायला लागतं. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की कार्डिफला (वेल्सची राजधानी) ऐन गावात किल्ल्याला लागून नदीकाठी मोठा पार्क आहे, तिकीट नाही. ऑक्टोबरच्या मधल्या एखाद्या शनिवारी जावं म्हणतोय. कोणी गेलंय का? बेंच, टॉयलेट, शाकाहारी खायला काय मिळतं, आणि मुख्य म्हणजे बाबा कंटाळणार नाहीत ना (पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, बागेत फुलं बघत बसणारा माणूस नाही).

तात्पुरती_कार्डिफकर (तीन वर्षं तात्पुरतीच आहे):
जा, डोळे झाकून जा. मी हॉस्पिटलची नाइट संपली की घरी जाताना त्याच पार्कातून जाते त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी ट्रेन. तिघं आहात तर ग्रुपसेव्ह घ्या, गर्दीची वेळ सोडली तर तिसरा हिस्सा पैसे वाचतात. ब्रिस्टलच्या टेंपल मीड्स स्टेशनहून पाऊण-एक तास. वाटेत सेव्हर्न नदीखालचा बोगदा लागतो, १८८६ चा आहे, सात किलोमीटरच्या आसपास. बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर बोगदा येऊन गेलेला कळणार पण नाही. कार्डिफ सेंट्रलला उतरून किल्ल्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटं चाल, सगळं सपाट.

किल्ल्याच्या आत जायलाच पाहिजे असं काही नाही, आतल्या टेकाडावरच्या बुरुजाला भरपूर पायऱ्या आहेत आणि गुडघ्याचं तुम्हीच लिहिलंय. त्यापेक्षा कॅसल स्ट्रीटवरून किल्ल्याच्या भिंतीला धरून नदीकडे चालत राहायचं. तिथे एका भिंतीवर दगडी प्राणी बसलेत, सिंह, लांडगा, माकडं वगैरे, जणू भिंत ओलांडून आत्ता रस्त्यावर उडी मारणार. पहिले नऊ जुने आणि सहा नंतर १९३१ च्या सुमारास आले. ओळखायचे कसे तर जुन्यांचे डोळे काचेचे आहेत, जवळ जाऊन बघा, चकाकतात. मला एक वर्ष हे माहीतच नव्हतं, रोज पाहून! मुंगीखाऊचं नाक तुटलेलं होतं ते २०१० मध्ये नवीन बसवलंय.

भिंत संपली की वेस्ट लॉजचं गेट, तिथून आत. हा सगळा परिसर म्हणजे सुमारे १३० एकर, ब्यूट घराण्याची खाजगी बाग होती. कोळशाचा पैसा. या लोकांनीच कार्डिफची गोदी बांधली, वरच्या खोऱ्यातला कोळसा इथून जगभर जायचा. तिसऱ्या मार्क्विसचा (मार्क्विस म्हणजे या घराण्याच्या उमरावाचा किताब) अँड्र्यू पेटिग्रू म्हणून हेड गार्डनर होता, बागेची आखणी त्याची. १९४७ मध्ये पाचव्या मार्क्विसने किल्ला आणि बाग दोन्ही शहराला देऊन टाकलं. गेटाजवळच त्या पेटिग्रूच्या नावाचं टी रूम आहे, बाबांना तिथे पहिला हॉल्ट द्या. टॉयलेटचं कॅफेतच उरकून घ्या.

मग नदी डावीकडे ठेवून वर चालायचं. गवतात जमिनीसरशी जुन्या इमारतीच्या पायाच्या ओळी दिसतील, तो तेराव्या शतकातला मठ, आठव्या हेन्रीच्या काळात १५३८ ला बंद पडला. पुढे उभ्या दगडांचं वर्तुळ आहे, ते मात्र १९७८ चं आहे! वेल्श साहित्य संमेलनासाठी उभारलेलं. मी घरी "हजारो वर्षांपूर्वीचं" म्हणून फोटो पाठवला होता, अजून ऐकून घेते.

आणि एक अगदी महत्त्वाचं: सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी गेटं बंद करतात. ऑक्टोबरच्या मध्याला म्हणजे पावणेसहाच्या आतबाहेर. एकदा मी बाकावर डुलकी घेत होते आणि पार्कचा माणूस येऊन "मॅडम, घर नाही का" अशा चेहऱ्याने बघत उभा राहिला.

खायला: पाच मिनिटांवर कार्डिफ मार्केट, १८९१ चं. तिथे वेल्श केक गरम तव्यावरून घ्या, पण जुन्या पद्धतीत डुकराची चरबी घालायचे, त्यामुळे बटरचे आहेत का एवढं विचारून घ्या. बाकी आईंनी डबा आणला तर उत्तमच.

मिडविकेट:
एवढं लिहिलं आणि क्रिकेटचं एक अक्षर नाही, कमाल आहे ताई 😀 त्याच पार्कातून नदीवर पायी पूल आहे, पलीकडे सोफिया गार्डन्स, ग्लॅमॉर्गनचं ग्राउंड. आपला रवी शास्त्री काउंटीला ग्लॅमॉर्गनकडूनच खेळायचा, ८७ पासून. आणि ६ जून २०१३, चॅम्पियन्स ट्रॉफी, साउथ आफ्रिकेविरुद्ध, रोहित आणि धवन पहिल्यांदा एकत्र ओपनिंगला आले ते इथेच. १२७ ची भागीदारी, धवन ११४, रोहित ६५. मी स्टँडमध्ये होतो, ढोल घेऊन. मॅच सुटल्यावर अख्खी गर्दी पुलावरून पार्कात आणि तिथे गवतावर पुन्हा ढोल, एक आजोबा कुत्रा घेऊन चालले होते ते थांबून ऐकत बसले, कुत्रा मात्र पळाला. बोरीवलीच्या पोराची ओपनिंगची जोडी कुठे जमली ते बाबांना दाखवा, गेटपर्यंत जाऊन या नुसतं.

खवचट_पुणेकर:
एवढा खर्च करून बाग बघायला? आमच्याकडे पण नदीकाठी बागा आहेत. आणि तुमच्या त्या किल्ल्याला किल्ला म्हणणं म्हणजे… रायगड चढलेल्या माणसाला बंगला दाखवल्यासारखं आहे. असो. पाट्या मात्र बघण्यासारख्या आहेत हे कबूल. सगळीकडे वेल्श आणि इंग्रजी दोन्ही, रस्त्यावर सुद्धा मोठ्या अक्षरात "आराव" लिहिलेलं असतं, म्हणजे हळू. आमच्या रस्त्यावर "सावकाश" लिहिलं तर कोणी वाचेल का हा वेगळा प्रश्न.

तात्पुरती_कार्डिफकर:
@खवचट_पुणेकर तुमच्या नदीकाठच्या बागेत बसून नदीचा वास किती वेळ सहन होतो ते सांगा, मग बोलू.
@सांगलीकर एक राहिलंच. बाबा पाटबंधाऱ्यातले आहेत ना? मग गुडघा साथ देईल तर ब्लॅकवेअरपर्यंत न्याच, किल्ल्यापासून दीड-दोन किलोमीटर. तिथे टॅफ नदीवर बंधारा आहे आणि बाजूला माशांसाठी पायऱ्या केल्यात. ऑक्टोबरात पाऊस होऊन गेला असेल तर सामन मासे उड्या मारत वर चढतात. कोळशाच्या खाणी चालू होत्या तेव्हा ही नदी काळी वाहायची, मासे कुठले. त्याच बंधाऱ्यापासून एक पाट निघतो आणि पार्कातून किल्ल्याच्या कडेने जातो. मला पाटातलं काही कळत नाही.

ब्रिस्टलचा_सांगलीकर (तीन आठवड्यांनी):
जाऊन आलो! सगळ्यांचे आभार, थोडा वृत्तांत द्यायलाच पाहिजे.

प्राण्यांचे काचेचे डोळे आईला लगेच दिसले, मला दाखवायला लागले. टी रूममध्ये बाबांनी चहाची किंमत रुपयात करून मोठ्यांदा सांगितली, आसपास कोणाला मराठी येत नव्हतं हे नशीब. वेल्श केक बटरचे मिळाले, आईचा निकाल: "तव्यावर भाजलेली शंकरपाळीच की ही." दोन खाल्ले, आणखी चार बांधून घेतले.

पण खरी गंमत पाटाची. मी आपलं गेटाजवळ सहज म्हणालो की हा कालवा इथल्या गोदीला पाणी द्यायला काढलेला आहे, १८३० च्या दशकातला. बाबा जागीच थांबले. समुद्राच्या गोदीला नदीचं पाणी कशाला लागतंय? मला काय सांगता येईना. मग स्वतःच विचार करत चालायला लागले आणि दहा मिनिटांनी उत्तर घेऊन आले की इथं भरती-ओहोटी मोठी असणार, ओहोटीला गोदी रिकामी होणार, म्हणून दरवाजे लावायचे आणि आतली पातळी वरून पाणी सोडून धरायची. घरी येऊन शोधलं तर कार्डिफला भरती-ओहोटीचा फरक १२ मीटरपर्यंत जातो! बाबा म्हणाले, "मग? तीस वर्षं काय झक मारली का मी?"

त्या पाटाचं मूळ बघायचं म्हणून हा गुडघेदुखीचा माणूस ब्लॅकवेअरपर्यंत चालत गेला. तीन बाकांवर बसला, पण गेला. बंधारा बघून पहिलं वाक्य: "ह्याला बर्गे न्हाईत." (बर्गे म्हणजे पाणी अडवायच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या.) मग कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आणि हा यात फरक काय यावर अर्धा तास, एक वेल्श आजोबा कॅमेरा घेऊन माशांची वाट बघत होते त्यांनाही हातवाऱ्यांनी समजावलं. आजोबांनी मान डोलावली, काय कळलं देव जाणे. मासा एकच दिसला. पांढऱ्या फेसातून हातभर लांब काळपट काहीतरी उसळलं, पायरीला आपटलं आणि परत खाली. आई "अगं बाई, लागलं की त्याला" म्हणून उभीच राहिली, आणि तो परत वर येतोय का बघायला आम्ही पाऊण तास तिथंच. नाही आला.

बाबांनी पुराचं पण विचारलं, सांगलीचा माणूस नदी बघितली की हेच विचारणार. आजोबांनी सांगितलं २०२० च्या फेब्रुवारीत डेनिस वादळात पार्कात पाणी शिरलं होतं, आणि हात छातीपर्यंत नेऊन दाखवला. बाबांनी मोबाइल काढून २०१९ च्या पुरातला सांगलीच्या आयर्विन पुलाचा फोटो दाखवला, पाणी ५७ फुटांच्या वर. आजोबा बराच वेळ फोटो मोठा करून बघत होते. मग दोघं काही न बोलता पाण्याकडे बघत बसले.

@मिडविकेट सोफिया गार्डन्स राहिलं, सव्वापाच वाजून गेले होते, गेट बंद व्हायच्या भीतीने पळालो. पूल लांबून दाखवला.

आता एक शंका. आईने झाडाखालून तपकिरी चकचकीत बिया पिशवीभर गोळा केल्यात, चेस्टनट समजून भाजायच्या म्हणते. खाल्ल्या तर चालतात का?

तात्पुरती_कार्डिफकर:
थांबवा!! हिरव्या काटेरी फळातल्या गोल बिया ना, झाडाची पानं हाताच्या पंजासारखी? ते हॉर्स चेस्टनट, विषारी आहेत, पोट बिघडेल. इथली पोरं दोऱ्यात ओवून एकमेकांच्या फोडतात, तेवढाच उपयोग.

ब्रिस्टलचा_सांगलीकर:
वाचलो, गॅस पेटवायच्या बेतात होती. आता म्हणते मग सांगलीला नेऊन कुंडीत लावते.

खवचट_पुणेकर:
मे महिन्यात सांगलीत? शुभेच्छा.