मदत हवी आहे: सासूबाईंच्या कुडीची फिरकी निघत नाही, घरच्या घरी काही साधन करता येईल का?

नमस्कार मंडळी. मिरजेहून लिहितेय. वेळ थोडा आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते.

सासूबाईंना महिनाभर चक्कर येतेय. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितलाय, मंगळवारी सकाळची वेळ मिळालीय. अंगावर धातूचं काहीही ठेवू नका, असं बजावून सांगितलंय. बांगड्या निघाल्या, जोडवी निघाली, उजव्या कानातली कुडीही निघाली. डाव्या कानातली काही केल्या निघत नाही. आज शनिवार आहे.

कुड्या मोत्याच्या आहेत, त्यांच्या आईने लग्नात घातलेल्या. त्यांचं माहेर विट्याकडचं. भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार दक्षिणेत गेलेला, तिथून त्याने सोनं आणून दिलं आणि आईने आपले मोती घालून कुड्या घडवून घेतल्या, ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. 1998 साली दांड्या बदलल्या, त्यानंतर त्या कानातून उतरल्याच नाहीत.

अडचण नीट सांगते. मागची फिरकी हरभऱ्याच्या डाळीएवढी, गोल. कडेला खाचा होत्या त्या झिजून गुळगुळीत झाल्यात. वयामुळे कानाची पाळी पातळ झालीय, भोक लांबट झालंय. फिरकी फिरवायला गेलं की दांडीसकट कुडीच फिरते आणि पाळी पिळली जाते. पुढून कुडी धरावी तर धरायची कुठे? चहूबाजूंनी मोती आणि त्यांना बांधणारी केसासारखी सोन्याची तार. त्या तोंडातून अवाक्षर काढत नाहीत, नुसता पदर मुठीत आवळून धरतात. ते बघून माझाच हात थांबतो.

काल रात्री खोबरेल तेल सोडलं. सकाळी बोटं आणखीच घसरायला लागली. आमचे हे पक्कड घेऊन आले होते, ती मी हातातून काढून घेतली. सोनाराकडे नेलं तर त्यांनी दांडी कापून द्यायची तयारी दाखवली. पण नंतर दांडी जोडायला डाख लावताना आच लागते, त्यासाठी मोती उतरवून पुन्हा गुंफावे लागतील. सासूबाई तिथल्या तिथे उठल्या. "कापायची असली तर मला ती तपासणीच नको."

तपासणी तर करायचीच आहे आणि कुडीही कापायची नाही. मला असं काहीतरी हवंय, जे मोत्यांना न दुखवता पुढून कुडी स्थिर धरेल आणि मागून गुळगुळीत फिरकी पकडेल. कुणी असं साधन केलंय का?

प्रतिसाद

ताई, आधी एक सांगा. पाळी लाल झालीय का, सुजलीय का, पू किंवा ठणका आहे का? फिरकी कातडीत रुतली असेल तर घरी हात लावू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या. तसं नसेल तरच पुढचे प्रयोग.

आणि मंगळवारपर्यंत नाही निघाली तर लपवू नका, तिथल्या तंत्रज्ञांना आधीच फोन करून सांगा. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण मशीनमधल्या रेडिओ लहरींनी धातू तापू शकतो आणि कानाजवळचं चित्र बिघडतं. शिवाय जुन्या फिरकीत दुसरा कोणता धातू मिसळलाय ते बघून कळत नाही.

प्रतिसाद

लिंबू किंवा व्हिनेगर लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मोत्याचा बराचसा भाग चुन्याच्याच जातीचा असतो, आंबट लागलं की झिलई जाते.

प्रतिसाद

माझं लहानपण घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घरात गेलं, त्यामुळे अडकलेले स्क्रू पुष्कळ पाहिलेत. तीन गोष्टी सांगतो.

तेल चुकलं. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजायला लागतं. या थंडीत तुम्ही आट्यांत रात्रभर मेणच भरलंत म्हणा ना. आता कोमट पाण्यात फडकं पिळून पाळी दहा मिनिटं शेका आणि पातळ राहणारं तेल, तिळाचं चालेल, काडीच्या टोकाने फक्त दांडी जिथे फिरकीत शिरते तिथे लावा. फिरकीची बाहेरची कड मात्र कापसाने कोरडी करा. आत तेल, बाहेर कोरडं. आपण सगळे इथेच चुकतो, सगळंच तेलकट करून ठेवतो.

साधन: कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा घ्या. दोन्ही जबड्यांच्या टोकाला आतून गोल कानशीने अर्धचंद्रासारखी खाच करा, मिटल्यावर फिरकी मावेल एवढी. त्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. फिरकी त्यात बसवून जबडा बोटांनी दाबायचा आणि चिमटा पाव वेढाच फिरवायचा. मग सोडून पुन्हा पकडायचा. लांब दांड्यामुळे ताकद कमी लागते.

तिसरं, विचारायचंच राहिलं. तुमचे यजमान समोर उभे राहून फिरवत होते की मागे?

धागाकर्ती

समोर!

तुमचा प्रश्न वाचून निघालेली उजवी कुडी टेबलावर ठेवली आणि फिरकी लावून-काढून बघितली. मागून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने सुटते, म्हणजे समोरून बघणाऱ्याला ती घड्याळाच्याच दिशेने फिरवावी लागणार. आम्ही दोन दिवस ती कुडी घट्ट करत होतो. बिचाऱ्या सासूबाईंनी ते सगळं सोसलं, याचं फार वाईट वाटतंय.

लाली, सूज काही नाही. उद्या चिमटा करते.

धागाकर्ती, रविवार रात्री

निघाली!

चिमट्याला खाच पाडायला घरात कानस नव्हती. पलीकडच्या गल्लीत तानपुरे करणारे काका राहतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाच मिनिटांत खाच पाडून दिली, पॉलिश पेपरने कडाही मारल्या. कशासाठी ते ऐकून म्हणाले, "वहिनी, खुंटी घसरायला लागली की आम्ही काय लावतो? खडू. कोरड्या फिरकीला खडू चोळा, मग धरा." आणि खडूचा तुकडा कागदात बांधून दिला.

पुढच्या बाजूचं माझं मला सुचलं. बाटलीच्या झाकणात पुरीसाठी मळतो तशी घट्ट कणीक भरली आणि ती कुडीवर हलकेच दाबली. कणीक मोत्यांच्या मधल्या फटींत बसली, त्यामुळे जोर एका मोत्यावर न येता सगळ्यांवर सारखा आला. आधी उजव्या कुडीवर करून बघितलं. तार जरासुद्धा हलली नाही.

सासूबाईंना उन्हात पाटावर बसवलं. शेकलं, तीळतेल लावलं, अर्धा तास थांबले. मग मी मागे बसले, नणंदेने पुढून झाकण धरलं. पहिल्या दोन वेळा चिमटा सुटला. खडू लावला. तिसऱ्या वेळी अगदी बारीक कट्ट झालं, मला वाटलं तार तुटली. पण फिरकी हलली होती! त्यानंतर पाव-पाव वेढा करत सुटली.

दांडीच्या आट्यांत काळपट मेणासारखा मळ भरला होता, साबण, तेल, कातडी, सगळं जमून. मऊ ब्रशने साबणाच्या पाण्याने फिरकी आणि दांडी धुतली, मोती भिजू दिले नाहीत. सासूबाईंनी दोन्ही कुड्या तळहातावर घेतल्या आणि बराच वेळ बघत बसल्या. डाव्या कुडीतला मधला मोती उजवीतल्यापेक्षा किंचित पिवळा आहे, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं म्हणे.

आता शेवटचं विचारते. भोक बुजेल म्हणून त्या कडुनिंबाची काडी घालायला मागताहेत. मला वाटतं इतक्या वर्षांचं भोक दोन दिवसांत बुजत नाही. पण पाळी आज थोडी चोळली गेलीय, अशा पाळीत काडी घालावी का? कुणाला अनुभव असेल तर उद्या दुपारपर्यंत सांगा, त्या काडी सोलून तयार ठेवून बसल्यात.