दिशा स्पेक्ट्रममधून थेट कळत नाही

या चर्चेत वर जे म्हटलंय की इस्रोच्या सूर्य बघणाऱ्या आदित्य-एल१ यानावरच्या हेलिओस या उपकरणाने हार्ड एक्स-रे स्पेक्ट्रम (कुठल्या एनर्जीचे किती एक्स-रे आले याचा आलेख) दिला की फ्लेअरमधल्या, म्हणजे सूर्यावरच्या स्फोटातल्या, इलेक्ट्रॉनांचं गणित सुटलं, ते मला अर्धंच पटतं. स्पेक्ट्रममधून कुठल्या एनर्जीचे किती इलेक्ट्रॉन हे कळतं, पण ते झोताने सरळ खाली आले की सगळ्या दिशांना विखुरलेले होते हे त्यातून थेट निघत नाही, आणि इलेक्ट्रॉनांना इतका वेग नेमका कसा मिळतो (ॲक्सिलरेशन) या वादात तोच तर कळीचा प्रश्न आहे. इलेक्ट्रॉन एका दिशेने येत असतील तर त्यांचं ब्रेम्सस्ट्रालुंग (इलेक्ट्रॉन अणूंजवळ वळताना, मंदावताना निघणारे एक्स-रे) पोलराइज्ड असतं, म्हणजे त्याच्या लहरी ठरावीक दिशेत कंप पावतात, विखुरलेले असतील तर जवळजवळ नाही. म्हणून पोलरायझेशन मोजायचं.

इथे अजून कुणी रेसीचा उल्लेख केला नाही म्हणून सांगतो. फ्लेअर बघणाऱ्या नासाच्या या उपग्रहाने २३ जुलै २००२ च्या एक्स ४.८ फ्लेअरमध्ये (एक्स हा सर्वांत जोरदार फ्लेअरचा वर्ग) गॅमा किरणांचं, साधारण ०.२ ते १ एमईव्ही एनर्जीच्या, पोलरायझेशन मोजलं आणि आकडा आला २१ टक्के, अधिक-उणे ९! म्हणजे आकडा त्याच्या अनिश्चिततेच्या जेमतेम दुप्पट (दोन सिग्मा), खात्रीने सांगावं इतका नाही, इतक्या प्रचंड फ्लेअरमध्येसुद्धा. कारण एका डिटेक्टरमधून विखरून दुसऱ्यात गेलेले फोटॉनच कामाचे, ते फार थोडे, त्यात फोटोस्फिअरवरून (सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागावरून) परत उसळून आलेले एक्स-रे मूळ सिग्नल बिघडवतात. कमी एनर्जीला गेलं तर फ्लेअरमधल्या गरम प्लाझ्माचाच (तापलेल्या, विद्युतभारित वायूचाच) उजेड जास्त. त्यामुळे फक्त फ्लेअरसाठी बनवलेला मोठा पोलरीमीटर (पोलरायझेशन मोजणारं उपकरण) हवाच असं माझं ठाम मत आहे, इस्रोचा एक्स-रे पोलरायझेशन मोजणारा आपला एक्सपोसॅट उपग्रह या कामासाठी नाही, तो दूरच्या पल्सार आणि ब्लॅक होलकडे बघायला बनवलाय.