150 एएचची बॅटरी 600 वॅटच्या लोडवर तीन तास का टिकत नाही?

शोधयात्री (प्रश्न):
माझ्याकडे इन्व्हर्टरला जोडलेली 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) क्षमतेची ट्युब्युलर (शिसे-आम्ल प्रकारची) बॅटरी आहे. 12 आणि 150 यांचा गुणाकार 1800 वॅट-तास येतो, म्हणून 600 वॅटच्या लोडवर ती तीन तास चालावी असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात नवी असतानाही ती जेमतेम पावणेदोन तास चालते. त्याहून मोठे कोडे असे, की लोड 150 वॅटवर आणला की हीच बॅटरी साधारण साडेआठ तास टिकते. म्हणजे पहिल्या वेळी सुमारे 1050 वॅट-तास मिळाले आणि दुसऱ्या वेळी पावणेतेराशे. बॅटरी एकच असताना तिच्यातून मिळणारी ऊर्जा लोडप्रमाणे का बदलते? बॅटरीत दोष आहे, की तिच्यावर छापलेला आकडाच फुगवलेला आहे?

धातुपट्टी:
आपण दिलेल्या आकड्यांवरून बॅटरीत दोष दिसत नाही आणि छापील आकडाही खोटा नाही. मात्र तो आकडा एका ठरावीक चाचणीचा निकाल आहे. लेबलवर 150 एएचच्या शेजारी बारीक अक्षरांत 'सी20' असे छापलेले असेल. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीतून 7.5 अँपिअरचा स्थिर प्रवाह घेतला, तर व्होल्टेज 10.5 पर्यंत उतरायला 20 तास लागतात, एवढेच तो आकडा सांगतो. सौर वापराच्या बॅटऱ्यांवर बहुधा 'सी10' असते, म्हणजे त्याच 150 एएचसाठी 15 अँपिअर आणि 10 तास. म्हणून सी10 ची 150 एएच बॅटरी ही सी20 च्या 150 एएच बॅटरीपेक्षा मोठी असते. सी20 पद्धतीने मोजली तर ती 165 ते 170 एएचच्या आसपास भरेल. विकत घेताना हा तपशील न पाहता नुसते एएच ताडून पाहणे व्यर्थ आहे.

आता आपला लोड पाहू. इन्व्हर्टरची कार्यक्षमता 85 टक्के धरली, तर 600 वॅट देण्यासाठी तो बॅटरीतून सुमारे 706 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला 59 अँपिअर ओढतो. चाचणीतल्या प्रवाहाच्या हे जवळपास आठपट आहे, आणि लोडखाली व्होल्टेज 12 च्याही खाली बसत असल्याने खरा प्रवाह याहून थोडा जास्तच असणार. इतक्या वेगाने बॅटरी उतरवली की प्लेटांच्या सूक्ष्म छिद्रांतले सल्फ्युरिक आम्ल खर्ची पडते, पण बाहेरचे ताजे आम्ल त्याच गतीने आत पोहोचत नाही. शिवाय अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज आणखी घसरते. परिणामी प्लेटांच्या खोलवर बराच सक्रिय पदार्थ शिल्लक असतानाच इन्व्हर्टरचे लो-बॅटरी कट-ऑफ (व्होल्टेज फार उतरले की पुरवठा तोडणारी सोय) लागू होते.

प्रवाह वाढला की बॅटरी किती लवकर संपते, या वर्तनाचे सूत्र जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पॉयकर्ट यांनी 1897 मध्ये मांडले: क्षमतेला प्रवाहाच्या ठरावीक घाताने भागले की तास मिळतात. शिसे-आम्ल बॅटऱ्यांसाठी त्यातला घातांक साधारण 1.1 ते 1.3 असतो; तो 1 पेक्षा जितका मोठा, तितका प्रवाहाचा परिणाम जास्त. आपल्यासाठी 1.2 धरून 59 अँपिअरला सुमारे 1 तास 40 मिनिटे मिळतात, म्हणजे आपली बॅटरी अपेक्षेपेक्षा किंचित जास्तच चालते आहे. 150 वॅटला हेच उत्तर नऊ तासांच्या जवळ येते. आपल्याला साडेआठच मिळतात, कारण इन्व्हर्टर स्वतःला चालवण्यासाठी जी वीज खातो, तिचा वाटा लहान लोडवर मोठा होतो आणि तिथे 85 टक्के कार्यक्षमता धरणे जरा उदारपणाचे ठरते.

ओममापी:
वरील विवेचनात दोन गोष्टींची भर घालतो. पॉयकर्टच्या मूळ सूत्रातली क्षमता ही 1 अँपिअर प्रवाहाला मोजलेली क्षमता आहे. त्या जागी सी20 चे 150 थेट घातले, तर 59 अँपिअरसाठी अवघा 1 तास 7 मिनिटे असे उत्तर येते आणि लोक विनाकारण बॅटरीला नावे ठेवतात. योग्य रीत अशी: 150 ला प्रवाह आणि 20 यांच्या गुणाकाराने भागावे, येणाऱ्या संख्येचा 1.2 हा घात घ्यावा आणि शेवटी 20 ने गुणावे.

दुसरे असे, की 'न मिळालेली' क्षमता सगळी नष्ट होत नाही. अंतर्गत रोधात उष्णता होऊन गेलेला भाग गेलाच. पण आम्ल आत पोहोचायला वेळ मिळाला की व्होल्टेज पुन्हा वर येते आणि कट-ऑफनंतरही त्याच बॅटरीवर लहान लोड बराच वेळ चालू शकतो. त्यामुळे लोड सतत बदलत असेल, तर पॉयकर्टचे उत्तर प्रत्यक्षापेक्षा निराशाजनक येते. मला विचाराल तर ते अंदाजापुरते वापरावे. दशांश चिन्हापुढचे आकडे काढत बसण्यात अर्थ नाही.

शोधयात्री:
सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. लेबलवर सी20 च छापले आहे. पुढे लिथियम बॅटरी घेतली, तर हा सगळा हिशेब बदलेल का? आणि सध्याच्या बॅटरीची खरी क्षमता मोजून पाहता येईल का?

धातुपट्टी:
लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या लिथियम बॅटरीत पॉयकर्टचा घातांक साधारण 1.05, म्हणजे प्रवाहाचा परिणाम नगण्य. 12.8 व्होल्ट, 100 एएचच्या बॅटरीतून जवळजवळ सगळे 1280 वॅट-तास मिळतात. त्यातून इन्व्हर्टरची तूट तेवढी वजा करावी. मात्र तिचे व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट राहते, त्यामुळे व्होल्टमीटर पाहून किती चार्ज उरला हे कळत नाही.

सध्याच्या बॅटरीची क्षमता मोजायची असेल, तर ती पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवावी, लोड असा निवडावा की डीसी क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती पकडून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणावर) 7.5 अँपिअरच्या आसपास प्रवाह दिसेल, आणि 10.5 व्होल्ट येईपर्यंतचे तास मोजावेत. क्लॅम्प बॅटरीच्या वायरवर लावावा, इन्व्हर्टरच्या आउटपुटवर नव्हे. चाचणी साधारण 25 ते 27 अंश सेल्सियसला करावी, कारण गोठणबिंदूजवळच्या थंडीत क्षमता सहज पाचव्या भागाने घटते. मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांखाली आकडा गेला, की बॅटरीचे आयुष्य संपत आले असे रूढीने मानतात.

ओममापी:
ही चाचणी वारंवार करू नये. शिसे-आम्ल बॅटरी तळापर्यंत उतरवली की प्रत्येक वेळी तिचे आयुष्य थोडे घटते, आणि उतरलेल्या अवस्थेत तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात, जे नंतर साध्या चार्जिंगने निघत नाहीत. त्यामुळे चाचणी अशा वेळी सुरू करावी की ती संपताच लगेच पूर्ण चार्ज करता येईल.