[मंडळ-गप्पा] स्वस्त विमानाची केबिन बॅग: कुठली घ्यावी?

प्रेषक: रश्मी (ल्युकन)

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून डब्लिनला येताहेत. आले की चार दिवस बार्सिलोनाला न्यायचा बेत आहे. रायनएअरचं तिकीट दिसायला स्वस्त आहे, पण बॅगांच्या पानावर गेले आणि डोकंच गरगरलं. छोटी बॅग, प्रायॉरिटी, १० किलो चेक-इन, २० किलो चेक-इन, आणि प्रत्येकाचा भाव रोज वेगळा.

बाबांनी लक्ष्मी रोडवरून नवी कोरी कडक कवचाची ट्रॉली घेतली आहे. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं म्हणे, "काका, केबिन साइझ आहे, कुठल्याही विमानात चालते." चालेल का? नसेल तर काय घ्यावं? दोघंही सत्तरीच्या पुढचे, औषधांची एक पिशवी कायम सोबत. आम्ही दोघं आणि सहा वर्षांचा चिरंजीव, असे एकूण पाच जण.

– रश्मी

---

प्रेषक: शिरीष (स्वोर्ड्स)

रश्मी,

दुकानदार खोटं बोललेला नाही, फक्त त्याच्या डोळ्यासमोर इंडिगो होती. तिकडे केबिन बॅग ७ किलोची, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज ११५ सेंटिमीटरपर्यंत, शिवाय एक पर्स किंवा लॅपटॉपची पिशवी. त्यामुळे आपल्या लोकांच्या डोक्यात 'सात किलो' पक्कं बसलंय. इकडे गेटवर वजनकाट्यापेक्षा बॅगेचं माप घेणाऱ्या पत्र्याच्या खोक्याची भीती जास्त. बॅग त्यात उतरली तर तुम्ही आत, नाही तर कार्ड काढा.

रायनएअरच्या साध्या तिकिटात जी बॅग फुकट मिळते ती सीटखाली मावणारी: ४० × ३० × २० सेंमी. सप्टेंबर २०२५च्या आधी हीच ४० × २५ × २० होती, म्हणजे २० लिटरची २४ लिटर झाली. विझ एअरचंही माप ४० × ३० × २० च आहे. ईझीजेट जरा दिलदार, ४५ × ३६ × २०. बाबांची ट्रॉली ५५ सेंमीची असणार. ती न्यायची तर जादा पैसे भरून प्रायॉरिटी घ्यावी लागेल. त्यात ५५ × ४० × २०, १० किलोची बॅग वर ठेवता येते आणि छोटी बॅग असतेच.

आता ट्रॉलीची खरी गोम. लेबलवरचं ५५ बऱ्याचदा नुसत्या कवचाचं असतं. विमान कंपनी चाकं आणि हँडल धरून मोजते. चाकांचे चार-पाच सेंटिमीटर तिथेच वाढतात. त्यात जाडी वाढवायची ती चेन असते ना, ती उघडली की २० चे २४ झालेच समजा. कडक कवच दाबून बसवता येत नाही. शिवाय रिकामी ट्रॉलीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे १० किलोतलं पाव वजन तुम्ही बॅगेलाच दिलंत.

मी तुझ्या जागी असतो तर मऊ कापडाच्या, आत पत्रा-सळई नसलेल्या, चौकोनी उघडणाऱ्या पाठीवरच्या सॅक घेतल्या असत्या. ४० × ३० × २० ची घेतलीस की या तिन्ही कंपन्यांत चालते, दर प्रवासाला नवं माप शोधत बसायला नको. फॅन्सी ब्रँडची गरज नाही. चिरंजीवांचं शाळेचं दप्तरसुद्धा चालून जाईल, फक्त मोजून बघ.

आणि मोजायची ती भरलेली. दुकानात रिकामी सॅक छान २० सेंमीची दिसते. पुढच्या कप्प्यात चार्जर, बाजूच्या जाळीत पाण्याची बाटली आणि वर चिवड्याची पुडी कोंबली की तिचं पोट सुटतं. घरी एखादा पुठ्ठ्याचा खोका कापून आतून ४० × ३० × २० चा कर. भरलेली बॅग त्यात उभी टाक आणि एका हाताने परत उचलून बघ. खोका बॅगेसोबत वर आला तर सामान कमी कर. आमच्याकडे जड वस्तू तळाला, कपडे गुंडाळून वर आणि पुढचा कप्पा रिकामा, हा नियम आहे. बायको म्हणते तू रिटायर झाल्यावर विमानतळावरच नोकरी धर.

– शिरीष

---

प्रेषक: अमोल (सिटी सेंटर)

शिरीषदादा, इतकं घाबरवू नका हो. दर वेळी बघतो, लोक पोतीच्या पोती घेऊन चढतात, कोणी विचारत नाही. आणि युरोपात हँड बॅगेचे पैसे घेणं बेकायदेशीर ठरलंय ना? स्पेनने दंडसुद्धा ठोकला होता.

– अमोल

---

प्रेषक: शिरीष

अमोल, कोणी विचारत नाही हे विचारेपर्यंत खरं असतं.

रायनएअरने नोव्हेंबर २०२५पासून मोठी बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याचा बोनस बॅगेमागे दीड युरोवरून अडीच युरो केला. महिन्याला ८० युरोंची मर्यादा होती, तीही काढून टाकली. प्रवाशाला गेटवर ७५ युरोपर्यंत भुर्दंड बसू शकतो. पाच जणांत दोघांच्या बॅगा अडल्या तर तिकिटाच्या स्वस्ताईचं काय झालं ते तूच मांड.

कायद्याचं म्हणशील तर, युरोपीय न्यायालयाने २०१४मध्ये व्हुएलिंग या स्पॅनिश विमान कंपनीच्या खटल्यात सांगितलं की चेक-इन बॅगेचे पैसे वेगळे घेता येतात, पण वाजवी वजनाची आणि मापाची हातातली बॅग ही प्रवासाची गरजच आहे, तिच्यावर जादा भाव लावू नये. आता 'वाजवी' म्हणजे किती, हे सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं नाही. कंपन्या म्हणतात सीटखालची पिशवी फुकट देतो, झालं की वाजवी! नोव्हेंबर २०२४मध्ये स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने रायनएअर, व्हुएलिंग, ईझीजेट, नॉर्वेजियन आणि व्होलोटिया अशा पाच जणांना मिळून १७.९ कोटी युरो दंड केला हे बरोबर, पण कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं. २०२५मध्ये युरोपातल्या विमान कंपन्यांच्या संघटनेने निदान ४० × ३० × १५ ची बॅग तिच्या सगळ्या सदस्य कंपन्यांकडे फुकट चालेल असं जाहीर केलं, एवढंच त्यातून हाती लागलं. गेटवरच्या पोरीला तू न्यायालयाचा निकाल दाखवशील, ती तुला खोका दाखवेल. भांडायचं तर पैसे भरून, पावती घेऊन, नंतर भांड. मागची रांग तरी खोळंबणार नाही.

– शिरीष

---

प्रेषक: वैशाली (ब्लँचर्डस्टाउन)

रश्मी,

शिरीषदादांनी मापं सांगितली, मी जरा हिशेबाचं बोलते. प्रायॉरिटी माणशी आणि दर उड्डाणाला लागते. पाच जणांना जाता-येता घेतलीस तर दहा वेळा पैसे. त्यापेक्षा सगळ्यांच्या पाठीवर फुकटची छोटी सॅक आणि मिळून एकच २० किलोची चेक-इन बॅग घे. मुलाच्या तिकिटावरही छोटी बॅग मिळते, ती विसरू नकोस. चेक-इन बॅग तिकीट काढतानाच घाल, विमानतळावर तीच महाग पडते. तिकीटसुद्धा कंपनीच्याच साइटवर काढ. मधल्या एजंट साइटवर 'केबिन बॅग समाविष्ट' लिहिलेलं असतं आणि ती निघते सीटखालचीच.

सत्तरीच्या माणसांच्या पाठीवर आठ-नऊ किलो देऊ नकोस. नियमात बसतं म्हणून भरायचंच असं नाही. त्यांच्या बॅगेत औषधं, स्वेटर, चष्मा, बस. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चालायला त्रास असेल तर व्हीलचेअरची मदत ४८ तास आधी मागून ठेव. युरोपात ती फुकट असते आणि व्हीलचेअर किंवा वॉकर बॅगेत मोजत नाहीत.

काही कारणाने गेटवर बॅग काढून घेऊन विमानाच्या पोटात टाकायला लागलीच, तर देण्याआधी पॉवर बँक, औषधं आणि पासपोर्ट बाहेर काढायचे. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालतच नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सोबत नेता येते. नेहमीची २०,००० एमएएचवाली साधारण ७४ भरते, त्यामुळे चिंता नाही.

आता खाण्याचं, कारण तुझी आई ठेच्याशिवाय निघणार नाही. डब्लिन विमानतळाने सप्टेंबर २०२५पासून १०० मिलीची अट काढली, दोन लिटरपर्यंतचं भांडं चालतं. म्हणून जाताना लोणचं सुटेल. येताना बार्सिलोनात १०० मिलीचा नियम लावला तर उरलेली बरणी तिथल्या कचरापेटीत जाईल. सुकी चटणी ने, वाद मिटतो. आणि पुण्याहून निघताना पेढे-बर्फी भरू देऊ नकोस. भारतातून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ स्वतःसाठीसुद्धा आणता येत नाहीत. आमच्याकडे आलेल्या एका बाईंचा अर्धा किलो कंदी पेढा कस्टम्सवाल्यांनी त्यांच्या डोळ्यांदेखत टाकला, आणि त्यावर त्या बाई अजून बोलतात.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी ऑनलाइन चेक-इन केलं तरी रायनएअरच्या काउंटरवर व्हिसा दाखवून घ्यायचा असतो, मगच सुरक्षा तपासणीकडे जायचं. काउंटर विमान सुटायच्या बरंच आधी बंद होतं. ऑनलाइन चेक-इन राहून गेलं तर विमानतळावर माणशी ५५ युरोपर्यंत. बॅगेवर वाचवलेलं इथे घालवू नका.

बॅगेबाहेरचं एक: आई-बाबांचा आयर्लंडचा व्हिसा सिंगल एंट्री आहे का? आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. बार्सिलोनाला गेले की तो व्हिसा संपला, परत डब्लिनला येता येणार नाही. आणि स्पेनसाठी शेंगेन वेगळा, तो भारतातूनच काढून आणायला सांग.

– वैशाली

---

प्रेषक: रश्मी

वैशालीताई, शेवटच्या परिच्छेदाने पोटात गोळा आला होता. लगेच पुण्याला फोन लावला. आयर्लंडचा अर्ज अजून भरायचाच आहे, मल्टिपल एंट्री मागायला सांगितलं. शेंगेनची अपॉइंटमेंट बाबा उद्या बघताहेत. ती मिळाल्याशिवाय मी तिकीट काढत नाही.

बॅगांचं ठरलं: एक २० किलोची, बाकी पाच सॅक. बाबांची ट्रॉली मुंबई-डब्लिनपुरती, नंतर आमच्या माळ्यावर. ते जरा नाराज आहेत, "एवढी चांगली चाकं आहेत" म्हणतात.

शिरीषदादा, तुमचा खोका एक दिवस उसना मिळेल का? रविवारी स्वोर्ड्सला येणार आहोत.

– रश्मी

---

प्रेषक: शिरीष

ये. भरलेल्या बॅगा घेऊनच ये. अमोल, तूही तुझी ती काळी आण, मला तिच्या जाडीबद्दल शंका आहे.

– शिरीष