विषय: छपरावरचं शेवाळ – प्रेशर वॉश, झिंकची पट्टी की पावडर?

नमस्कार मंडळी,

इथे सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला आमच्या घराच्या छपराच्या उत्तरेकडच्या उतारावर शेवाळ फार माजलंय. शेजारच्या सीडरच्या उंच झाडांमुळे तिकडे ऊनच पोचत नाही. आता विमा कंपनीनं छपराचा वरून काढलेला फोटो पाठवून महिनाअखेरपर्यंत साफ करायला सांगितलंय. एक जण बघून गेला. प्रेशर वॉशरनं दुपारभरात सगळं काढतो, आढ्याला झिंकची पट्टी ठोकतो, मग पुन्हा कधी शेवाळ येणार नाही, असं म्हणाला. बाबा सध्या इथे आहेत, त्यांचं म्हणणं की गावी कौलांवर दर पावसाळ्यात शेवाळ यायचं, कोणी त्याच्या मागे लागलं नाही. आणि आईनं अंगणात मेथी-कोथिंबीर लावलीय, त्यामुळे औषध मारायची भीती वाटते. कोणाचा अनुभव आहे का?

– बॉथेलहून

---

ताई,

काहीही करा, पण प्रेशर वॉशर छपरावर चढू देऊ नका. शिंगलवर, म्हणजे छपरावरच्या डांबरी पट्ट्यांवर, जी खडबडीत वाळू दिसते ती शोभेची नाही. खालच्या डांबराला उन्हापासून तीच वाचवते. जोराच्या पाण्यानं ती सुटते आणि पन्हळीत येऊन साचते. शिवाय पाणी शिंगलच्या खाली घुसतं ते वेगळंच. दुपारभरात छप्पर नवं दिसेल, पण त्याची काही वर्षं त्या दुपारीच संपतील.

बाबांना सांगा, त्यांचं गावापुरतं बरोबर आहे. कौल भाजलेल्या मातीचं, वैशाखात शेवाळ वाळून कोळ होतं, आणि पावसाआधी कौलं उतरवून परत लावली जायची. इथे शिंगल खिळ्यांनी ठोकलेली, एकावर एक चिकटवलेली. शेवाळाला मुळं नसतात, पण ते शिंगलच्या खालच्या कडेशी गादीसारखं फुगतं आणि कड उचलतं. मग वाऱ्याबरोबर आलेला पाऊस आत शिरतो, खिळ्यांपर्यंत जातो आणि खालचं प्लायवुड कुजायला लागतं. ऑक्टोबर ते एप्रिल ती गादी ओलीच असते.

झिंकचं काम कसं चालतं ते आज उजेड असताना अंगणातूनच बघा. छपरातून वर आलेल्या पाइपाभोवती किंवा चिमणीच्या बुडाशी जस्ताचा पत्रा असेल, तर त्याच्या बरोबर खाली एक स्वच्छ पट्टा दिसेल आणि दोन्ही बाजूंना हिरवं. पावसाच्या पाण्याबरोबर जस्ताचा अगदी थोडा अंश सुटून खाली वाहतो आणि तेवढ्यावरही शेवाळ धरत नाही. आढ्याजवळची पट्टी हेच करते. पण तिचा जोर साधारण १० ते १५ फुटांपर्यंतच. तुमचा उतार त्याहून लांब असेल तर वळचणीकडचा भाग हिरवाच राहील, मध्ये दुसरी पट्टी लागेल. आणि मुख्य म्हणजे पट्टी नवं शेवाळ येऊ देत नाही. आधीच बसलेली बोटभर जाडीची गादी ती काढणार नाही. 'पुन्हा कधीच नाही' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणून आधी हातानं सफाई. आत्ता सप्टेंबरात छप्पर कोरडं आहे, वाळलेलं शेवाळ मऊ ब्रशनं सुटतं. ब्रश वरून खाली फिरवायचा. खालून वर फिरवला तर शिंगलच उचकटतात. चिकटून बसलेलं खरवडू नका. त्यावर झिंक सल्फेटची पावडर लागते, पण ती कोरड्यात नाही, पावसाची भुरभुर सुरू झाली की. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर थांबा, सगळी वाहून जाईल. शेवाळ तपकिरी पडलं की मेलं समजा.

पट्टी लावायचीच असेल तर ती आढ्याच्या शिंगलखाली सरकवून दोनेक इंच उघडी ठेवतात. उघड्या भागात खिळे ठोकले की प्रत्येक खिळा म्हणजे छपराला एक भोक.

– इसाक्वाहून

---

काकांशी मी बहुतेक सहमत आहे, पावडरीबद्दल मात्र नाही. त्या डब्यावरच लिहिलेलं असतं की हे माशांना विषारी आहे. आपल्याकडे रस्त्यावरच्या जाळीतून गेलेलं पावसाचं पाणी बहुतेक ठिकाणी शुद्ध न होता ओढ्यात आणि तळ्यात जातं. इसाक्वाच्या हॅचरीत (मत्स्यपैदास केंद्रात) साल्मन मासे परततात तेही नेमके याच दिवसांत. आपण मुलांना घेऊन ते बघायला जातो आणि त्याच पाण्यात जस्त सोडतो, हे मला पटत नाही. सीडरच्या फांद्या छाटून घ्या, सुया-पाचोळा साठू देऊ नका, दर उन्हाळ्यात ब्रश मारा. आमचं छप्पर एवढ्यावर नीट आहे. आणि कोणी तांब्याची पट्टी सुचवली तर नकोच म्हणा. ती जास्त जोरकस खरी, पण तांब्याचं पाणी अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ खातं, आणि अगदी थोड्या तांब्यानंही साल्मनची वास घ्यायची क्षमता मंदावते.

– कर्कलंडहून

---

मुद्दा रास्त आहे. ज्या छपराला ऊन मिळतं तिथे पावडरीची गरज नाही, मीही मारणार नाही. ताईंच्या उत्तरेच्या उताराला नुसता ब्रश पुरेल असं मला वाटत नाही, कारण झाडं शेजाऱ्यांची आहेत आणि छाटणी त्यांच्या मर्जीवर. तरी सगळ्या छपरावर पावडर भुरभुरवू नका, फक्त चिकटून राहिलेल्या ठिपक्यांवर टाका, तीही डब्यावर दिलेल्या मापानंच.

– इसाक्वाहून

---

दोघांचे आभार. प्रेशर वॉशवाल्याला नाही म्हणून कळवलं. पाइपाखालचा स्वच्छ पट्टा खरंच दिसला, बाबांनाही दाखवला. विमा कंपनीला ब्रशनं साफ केल्याचे फोटो पाठवते, फांद्यांबद्दल शेजाऱ्यांशी बोलते आणि मगच पावडरीचं ठरवते. एक विचारायचं राहिलं, त्या बाजूचा डाउनस्पाउट (पन्हळीचं पाणी खाली आणणारा नळ) पाणी साठवायच्या पिंपात उतरतो आणि तेच पाणी मेथीला जातं. काय करू?

– बॉथेलहून

---

पावडर टाकायच्या आधी पिंप डाउनस्पाउटपासून सोडवून बाजूला करा आणि पुढचे चांगले दोन-चार मोठे पाऊस होईपर्यंत जोडू नका. पट्टी लावलीत तर त्या बाजूचं पाणी भाजीला कायमचंच बंद. पिंप दक्षिणेच्या डाउनस्पाउटला हलवा. कढीलिंबाची कुंडी वळचणीखालून उचला. ओल्या छपरावर कोणी चढायचं नाही, बाबांनी तर मुळीच नाही. लांब दांड्याचा मऊ ब्रश माझ्याकडे आहे, शिडीवरूनच बराच भाग होतो. शनिवारी तालमीला येताना घेऊन येतो.

– इसाक्वाहून