मदत हवी आहे: बायो टेपेस्ट्रीच्या हिरव्यासाठी पिवळा कशाचा?

बायो टेपेस्ट्री म्हणजे इंग्लंडवरच्या नॉर्मन स्वारीची गोष्ट सांगणारा भरतकामाचा लांब पट. त्यातला एक घोडा लिननवर लोकरीने भरायचाय. ११व्या शतकातल्या या पटाचे रंग मुख्यतः मॅडर (लाल), वेल्ड (पिवळा) आणि वोड (निळा) या वनस्पतींचे. वोड आणि आपली नीळ यांचं रंगद्रव्य एकच, त्यामुळे निळा सुटला. मॅडरऐवजी मंजिष्ठा घेतेय. केशरीकडे झुकते, पण चालेल. घोडं अडलंय पिवळ्यावर, आणि हिरवा तर त्याच्यावरच बसतो.

लोकर दुपदरी, रंग पक्का बसावा म्हणून वजनाच्या १५% तुरटीत उकळलेली. हळदीचा पिवळा सुरेख, पण निळीच्या अल्कलीत लालसर होतो. आधी नीळ, मग हळद केली तर तेवढं टळतं, मात्र ऊन लागलं की हिरव्याचा पुन्हा निळा. डाळिंबाच्या सालीचा मळकट, वर नीळ चढली की थेट शेवाळी. झेंडू त्यातल्या त्यात बरा. नारंगी छटा काही जात नाही.

छटा बदलायला लोखंड-तांबं वापरायचं नाही, तयार धागेही नकोत. छटा पटाच्या मागच्या बाजूसारखी हवी, तिथे रंग कमी फिके पडलेत.

तुरटीवर स्वच्छ लिंबू-पिवळा देणारी, उन्हात टिकणारी आणि भारतात सुकी मिळणारी वनस्पती कोणती? लोकरीच्या वजनाच्या किती टक्के घ्यायची, किती तापमानाला?