हॅवलॉकचा एक दिवस : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-२०४ : नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही आई-बाबांना घेऊन अंदमानला जात आहोत. सेल्युलर जेलसाठी वेगळा दिवस ठेवला आहे. हॅवलॉक (आताचे स्वराज द्वीप) बेटासाठी मात्र पूर्ण असा एकच दिवस हाती उरतो. आईला पोहता येत नाही. तिला स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचे पाहणे) जमेल का आणि राधानगरचा किनारा त्याच दिवशी पाहून होईल का, हे कोणी जाऊन आले असल्यास कृपया सांगावे.

सी-१०१ : दोन्ही होईल, पण दिवस पहाटेपासून धरा. अंदमान ९३ अंश पूर्व रेखांशाजवळ आहे आणि घड्याळ मात्र आपलेच, त्यामुळे डिसेंबरात तेथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आम्ही मुंबईच्या सवयीने दुपारी ताणून दिली, चहा घेऊन साडेचारला निघालो आणि राधानगरला पोहोचलो तेव्हा लोक वाळू झटकून परत निघाले होते. तो किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे ज्यासाठी जायचे तेच हुकले! तुम्ही तीनपर्यंत तेथे असा. स्नॉर्केलिंगसाठी सकाळी जेटीवरून स्पीडबोटीने वीसेक मिनिटांत एलिफंट बीच गाठता येतो.

आईंची काळजी करू नका. लाइफ जॅकेट घालून हवा भरलेल्या रिंगला धरायचे, गाइड ओढत नेतो, आपण फक्त तोंड पाण्यात घालायचे. अवघड जाते ते नाक विसरून नळीतून तोंडाने श्वास घेणे. ते गुडघाभर पाण्यात उभे राहून पाच मिनिटे करून पाहावे. माझा घात मिशीने केला. मास्कची रबरी कड ओठावर नीट बसेना, पाणी आत झिरपत राहिले आणि पहिली दहा मिनिटे मी खोकण्यातच घालवली. शेवटी गाइडने मिशीला व्हॅसलीन चोपडले, तेव्हा कुठे समुद्र दिसला. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो तो कटकट आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. त्याच्या पोटातून बाहेर पडणारा प्रवाळाचा चुरा म्हणजेच त्या पांढऱ्या वाळूचा बराचसा भाग, हे गाइडने सांगितल्यावर आमच्या नातवाने त्या वाळूत बसायला साफ नकार दिला.

बी-३०३ : काका, वर्णन छान आहे, पण रंगीत बाग दिसेल या अपेक्षेने त्यांनी जाऊ नये, असे मला वाटते. किनाऱ्यालगत मृत, करडे प्रवाळ पुष्कळ आहे. समुद्राचे पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त तापले की प्रवाळाच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकली जातात आणि रंगाबरोबर त्याचे अन्नही जाते. २०१० मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडले. थोडे आत गेल्यावर जिवंत प्रवाळ आणि समुद्रफुलांतले विदूषक मासे आम्हाला दिसले. दम लागला तर रिंगला लटकावे, प्रवाळावर पाय टेकू नये. किनाऱ्यावरचा मेलेला तुकडाही आणू नका. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

ए-२०४ : मनःपूर्वक आभार. एलिफंट बीचवर हत्ती दिसतात का, असे मुलगा विचारतो आहे.

सी-१०१ : नाही. लाकूडतोडीच्या काळात ओंडके ओढायला तेथे हत्ती आणले होते. त्यांपैकी समुद्रात पोहणारा राजन पुढे फार प्रसिद्ध झाला. तो २०१६ मध्ये गेला. आता किनाऱ्यावर उन्मळून पडलेली प्रचंड झाडे तेवढी दिसतात, त्यांवर मुलाला चढता येईल.

बी-३०३ : राधानगरला मात्र त्याला जीवरक्षक असतात त्याच भागात पाण्यात सोडा. जवळच्या नील्स कोव्हमध्ये २०१० साली स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी महिलेचा खाऱ्या पाण्यातील मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. तेथील पाट्या शोभेच्या समजू नयेत.

ए-२०४ : लक्षात ठेवते. पहिली बोट किती वाजता सुटते, हे हॉटेलला आजच विचारते. बाबा मिशी काढायला अजिबात तयार नाहीत, त्यामुळे व्हॅसलीनची डबी आत्ताच बॅगेत टाकली आहे.